‘स्वयंअपघात’ आणि शर्यतीच्या ट्रॅकवरची भिंत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या एकाच अंकात मी दोन बातम्या वाचल्या. क्रीडा पानावर अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतीचे छायाचित्र होते. गाडी भिंतीवर आदळून पुढून पार चेपलेली, बॉनेटखालून धूर निघत असलेला, आणि चालक मात्र स्वतःच्या पायांनी बाहेर येऊन प्रेक्षकांना हात दाखवत असलेला. तिसऱ्या पानावर चार ओळींची बातमी होती. रात्री दुचाकी विजेच्या खांबावर आदळून एक तरुण जागीच ठार झाला होता आणि वर मथळा होता, ‘स्वयंअपघातात युवकाचा मृत्यू’. मी सत्तावीस वर्षे मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला आहे आणि अशी एक शर्यत प्रत्यक्ष पाहिली आहे. या दोन बातम्यांचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, असे मला वाटते. चूक चालकाची असली तरी गाडी कशावर आदळली, हेही विचारले पाहिजे, हे मला त्यातून सांगायचे आहे. पत्र थोडे लांबणार आहे, पण विषय जिवाचा असल्यामुळे ते शक्यतो पूर्ण छापावे, अशी विनंती करतो.

आपल्याकडे मोटारींची शर्यत म्हटली की फॉर्म्युला वन डोळ्यांसमोर येते. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ती ग्रेटर नोएडा येथे झाली, त्यामुळे तिची थोडीफार ओळख आहे. स्टॉक कार शर्यतीविषयी मात्र ‘लंबगोलात फिरायचे आणि डावीकडे वळत राहायचे’ यापलीकडे फारसे कोणी बोलत नाही. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला असलेली, तुम्ही-आम्ही विकत घेऊ अशी गाडी. बिल फ्रान्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४८ साली नॅस्कार ही संस्था स्थापन केली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील मातीच्या ट्रॅकवर नॅस्कारची अशा गाड्यांची पहिली शर्यत झाली. त्या दिवशी ग्लेन डुनावे हा चालक सर्वांत पुढे आला, परंतु शर्यतीनंतर गाडी तपासली तेव्हा तिच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार केलेला आढळला. तो बाद ठरला आणि जिम रोपर यांना विजेते घोषित करण्यात आले. म्हणजे शर्यत संपल्यावर गाडीखाली वाकून पाहण्याची सवय या खेळाला अगदी पहिल्या दिवसापासून आहे. पुढे जे काही घडले, त्याचे मूळ मला या सवयीत दिसते.

आजच्या गाड्यांवर शेवरोले, फोर्ड आणि टोयोटा यांची नावे असली तरी त्या दुकानातल्या उरलेल्या नाहीत. पोलादी नळ्यांचा सांगाडा, पुढे व्ही-आठ इंजिन, आणि वजन साधारण दीड टन.

माझी मुलगी व जावई नॉर्थ कॅरोलिनात राहतात. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असताना त्यांनी आम्हाला शार्लटजवळच्या ट्रॅकवर सहाशे मैलांची शर्यत दाखवायला नेले. १९६० पासून ही शर्यत तेथे होते. दीड मैलाचा लंबगोल ट्रॅक आणि त्यावर चारशे फेऱ्या. किलोमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे ९६५, म्हणजे पणजीहून मुंबई गाठून परत रत्नागिरीच्या आसपास येण्याइतके अंतर, आणि तेही सरळ भागात ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात. शर्यत सायंकाळी सुरू होते आणि रात्री संपते. ऊन असताना तापलेला रस्ता निसरडा वागतो, रात्री तो निवला की टायर अधिक घट्ट धरतात, त्यामुळे सायंकाळी नीट चालणारी गाडी रात्री बिघडल्यासारखी वागू लागते आणि मेकॅनिकांना ती दर थांब्याला पुन्हा जुळवून घ्यावी लागते. त्या आठवड्यात तिकडे युद्धात वीरमरण आलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन असतो. त्यामुळे पुढच्या काचेवर जेथे एरवी चालकाचे नाव लिहिलेले असते, तेथे प्रत्येक गाडीवर एकेका सैनिकाचे नाव होते.

ट्रॅक पाहिल्यावर माझ्या नजरेत पहिल्यांदा भरला तो वळणाचा उतार. दूरदर्शनवर तो मुळीच कळत नाही. शार्लटला वळणावरील रस्ता बाहेरच्या बाजूने २४ अंश उचललेला आहे, म्हणजे एक मीटर रुंदीला जवळजवळ ४४ सेंटीमीटर चढ. डेटोनाच्या ट्रॅकवर हा कोन ३१ अंश आणि टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ३३ अंश आहे. रस्ता असा उचलला की वळणावर बाहेर फेकल्या जाणाऱ्या गाडीला रस्ताच खालून आधार देतो आणि सगळा भार एकट्या टायरांवर पडत नाही. हे तत्त्व मी फळ्यावर आकृती काढून कितीदा तरी शिकवले होते. पण चाळीस गाड्या एकमेकींना जवळजवळ खेटून त्या भिंतीसारख्या उतारावरून जाताना पाहिल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आम्ही जाळीपासून बरेच वर बसलो होतो, तरी तासाभराने माझ्या बाह्यांवर आणि पत्नीच्या केसांत काळा बारीक कीस साचला. तो टायरांच्या रबराचा होता.

जावयाने भाड्याने एक रेडिओ घेतला होता. त्यावर चालक आणि त्याचे मेकॅनिक यांचे संभाषण प्रेक्षकांना ऐकता येते. चालक अगदी गॅरेजमधल्या भाषेत सांगत होता, की वळणाच्या मध्यावर गाडी पुढून सरळ जायला बघते, किंवा बाहेर पडताना मागून सुटते. तेवढ्या शब्दांवर पुढच्या थांब्यात पाच माणसे भिंतीवरून उडी मारून चारही टायर बदलत, इंधन भरत आणि दहा सेकंदांच्या आसपास गाडी पुन्हा सोडत. चाकाला आता एकच मोठा नट असतो. त्यांचे काम पाहून मला माझ्या वर्गातील मुले आठवली, कारण जॅक कोणत्या क्षणी सोडायचा हे ज्याला कळते तो मेकॅनिक मी गर्दीतही ओळखतो.

शर्यत निम्म्यावर आलेली असताना आमच्या समोरच्या वळणावर एका गाडीचा उजवा पुढचा टायर फुटला. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या टायरांवर येतो, त्यामुळे तो गेला की चालकाच्या हातात काही राहत नाही. गाडी सरळ बाहेरच्या भिंतीवर आदळली, भिंतीला घासत बरीच लांब गेली आणि खाली घसरून थांबली. त्याच क्षणी पिवळे दिवे लागले. पिवळा लागला की जो जेथे असेल तेथेच त्याचा क्रम ठरतो, पुढे जाण्यासाठी कोणी जोर लावायचा नसतो. २००३ पर्यंत पिवळ्यानंतरही रेषेपर्यंत धावण्याची मुभा होती. एका चालकाची बंद पडलेली गाडी वाटेत असताना इतर गाड्या त्याच्या अंगावर धावून आल्या, आणि ती मुभा त्याच वर्षी बंद झाली. आमच्या बाजूचा सगळा स्टँड उभा राहिला होता. गाडीच्या खिडकीला काच नसते, पट्ट्यांची जाळी असते. आपण शुद्धीवर आहोत, ही खूण म्हणून चालक ती जाळी आतून सोडतो. चार-पाच सेकंद काहीच हलले नाही. मग जाळीचे वरचे टोक सुटले आणि ती खाली लोंबली. टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो विजेत्यालाही नंतर मिळाला नाही. चालक बाहेर आला, रुग्णवाहिकेत बसला आणि नियमाप्रमाणे ट्रॅकवरील वैद्यकीय केंद्रात गेला.

त्या रात्री मला जाणवले, आणि नंतर वाचून पक्के झाले, की माझ्या डोळ्यांसमोरच्या प्रत्येक वस्तूमागे एकेक अपघात उभा होता. ती खिडकीची जाळी रिचर्ड पेटी यांच्यामुळे आली. हा सात वेळा विजेतेपद आणि दोनशे शर्यती जिंकलेला चालक. १९७० साली डार्लिंग्टनला त्यांची गाडी उलटली तेव्हा त्यांचा हात आणि डोके खिडकीबाहेर लोंबत होते. १९६४ साली याच शार्लटच्या सहाशे मैलांच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स यांची गाडी पेटली आणि काही आठवड्यांनी ते गेले. त्यानंतर इंधनाची टाकी फुटू नये म्हणून आत रबरी पिशवी असलेल्या टाक्या आल्या. १९८७ साली टॅलाडेगाला बॉबी ॲलिसन यांची गाडी हवेत उचलली जाऊन प्रेक्षकांपुढील जाळीवर आदळली, काही प्रेक्षक जखमी झाले, आणि पुढच्याच वर्षापासून मोठ्या ट्रॅकवर इंजिनाला जाणारी हवा कमी करणारी पट्टी बसवून वेग आवरण्यात आला. १९९४ पासून टपावर झडपा आल्या. गाडी गिरकी घेऊन मागच्या बाजूने धावू लागली की त्या आपोआप उघडतात आणि तिला जमिनीवर धरून ठेवतात.

यांतील कोणत्याही अपघातात चालकाची चूक असू शकत नव्हती, असे मला म्हणायचे नाही. असेलही. पण चूक चालकाची म्हणून वही मिटून टाकली, असे त्यांनी केले नाही.

या सर्वांत मोठा आहे तो चालक डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू, आणि माझ्या पत्राचा खरा आधार तोच आहे. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० या शर्यतीची शेवटची फेरी चालू होती. पुढे मायकेल वॉल्ट्रिप, त्यांच्या मागे अर्नहार्ट यांचा मुलगा, दोघेही अर्नहार्ट यांच्याच संघाच्या गाड्यांत, आणि तिसऱ्या क्रमांकावर स्वतः अर्नहार्ट. शेवटच्या वळणावर त्यांची गाडी दुसऱ्या गाडीला किंचित लागली, आधी खाली घसरली, मग वर वळून बाहेरच्या काँक्रीट भिंतीवर गेली. वाटेत आणखी एका गाडीची धडक बसली. पाहणाऱ्यांना तो अपघात किरकोळ वाटला. गाडी उलटली नाही, पेटली नाही. अर्नहार्ट मात्र कवटीच्या तळाशी झालेल्या फ्रॅक्चरने गेले. त्याआधीच्या दहा महिन्यांत ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तिघे चालक अशाच प्रकारे भिंतीवर आदळून गेले होते.

पहिल्या काही दिवसांत लोकांनी काय केले, ते सांगण्याजोगे आहे. ज्याची गाडी अर्नहार्ट यांच्या गाडीला लागली, त्या स्टर्लिंग मार्लिन यांना धमकीची पत्रे आली. शोक मोठा असला की माणसाला दोष ठेवायला माणूसच लागतो. अर्नहार्ट यांच्या मुलानेच पुढे होऊन मार्लिन यांचा दोष नाही, असे जाहीरपणे सांगितले. आणि संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून चौकशी लावली, जिचा तीनशेहून अधिक पानांचा अहवाल ऑगस्ट २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच कारणावर बोट ठेवलेले नाही. भिंतीला लागण्याआधीची दुसऱ्या गाडीची धडक आणि त्यामुळे बदललेली बसण्याची स्थिती, भिंतीला लागतानाचा कोन व जोर, आणि कमरेचा तुटलेला पट्टा, अशा गोष्टी एकत्र येऊन तो मृत्यू ओढवला, असे त्यात म्हटले आहे. गाडीचा वेग ताशी दीडशे मैलांच्या पुढे होता, पण भिंतीला लागताना क्षणात जो वेग नाहीसा झाला तो ताशी सुमारे ४२ ते ४४ मैल, म्हणजे सत्तर किलोमीटरच्या आसपास होता. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो, कारण सत्तर हा शर्यतीचा वेग नाही. फोंड्याहून पणजीला जाणारा प्रत्येक मुलगा तो रोज गाठतो. माणूस धावण्याने मरत नाही, थांबण्याने मरतो, आणि कशावर थांबतो यावर सारे अवलंबून असते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान आणि डोके पट्ट्यांनी खांद्यावरील आधाराला बांधून ठेवणारे उपकरण सक्तीचे झाले. ते रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकांनी त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्यासाठी बरीच वर्षे आधी तयार केले होते. पण चालकांना ते अडचणीचे वाटे आणि स्वतः अर्नहार्ट ते वापरत नसत. आपल्याकडे हेल्मेटविषयी जी कारणे रोज ऐकू येतात, त्यांहून ती वेगळी नव्हती. पुढच्या हंगामापासून प्रत्येक गाडीत धडकेची नोंद ठेवणारे यंत्र आले, आणि मग पाळी आली भिंतीची.

या भिंतीविषयी मला जरा सविस्तर लिहू द्यावे. काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी चौकोनी नळ्यांचा एक कठडा उभा करतात आणि दोहोंच्या मध्ये कडक फोमचे ठोकळे ठेवतात. गाडी आदळली की पोलाद थोडे आत जाते, फोम चेपतो, आणि धक्का क्षणभर लांबतो. तो क्षण सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका लहान असतो, पण मानेच्या हाडासाठी तेवढा पुरतो. २००२ साली ही भिंत प्रथम इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर बसली, आणि नंतर हळूहळू अमेरिकेतील सगळ्या मोठ्या लंबगोल ट्रॅकवर. ती कोणी तयार केली? शर्यतीच्या कोणा कारखान्याने नाही. नेब्रास्का विद्यापीठात रस्त्याकडेच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे एक केंद्र आहे. डीन सिकिंग आणि त्यांचे सहकारी तेथे हमरस्त्यांचे कठडे, दुभाजकांची टोके, खांब यांवर गाड्या आदळवून पाहत असत, सामान्य माणूस साध्या गाडीतून साध्या रस्त्यावर गेला तर वाचावा म्हणून. शर्यतीच्या लोकांनी त्यांच्याकडे जाऊन मदत मागितली. म्हणजे ही विद्या साध्या रस्त्यांवरून शर्यतीकडे गेली आहे, शर्यतीकडून रस्त्यांकडे आलेली नाही. ‘शर्यतीतल्या श्रीमंती गोष्टी आपल्या रस्त्यांना कशा परवडणार’ असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले, त्यांना मी हेच सांगितले.

२००१ च्या त्या दिवसापासून आजवर नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. २०२० साली डेटोनाच्या शेवटच्या फेरीत रायन न्यूमन यांची गाडी उलटी होऊन आपटली आणि दुसऱ्या गाडीने तिला चालकाच्या बाजूने धडक दिली. तेव्हा ती परंपरा मोडली, असेच सर्वांना वाटले. दोन दिवसांनी ते दोन्ही मुलींचे हात धरून चालत रुग्णालयाबाहेर आले.

आणखी एक घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २१ फेब्रुवारी २०१५ रोजी डेटोनाला दुय्यम मालिकेच्या शर्यतीत काइल बुश यांची गाडी गवतावरून घसरत आतल्या बाजूच्या भिंतीवर गेली. त्या टप्प्यात ती भिंत उघड्या काँक्रीटची होती. त्यांचा उजवा पाय आणि डावे पाऊल मोडले. त्याच संध्याकाळी ट्रॅकचे अध्यक्ष जोई चिटवुड पत्रकारांपुढे आले आणि आमचा ट्रॅक आपल्या जबाबदारीला उतरला नाही, येथे मऊ भिंत असायला हवी होती, ती नव्हती, आम्ही ती बसवू, अशा अर्थाचे स्पष्ट शब्दांत बोलले. रात्रीतून तेथे टायरांच्या राशी लावल्या गेल्या, कारण दुसऱ्या दिवशी मोठी शर्यत होती. बुश अकरा शर्यतींना मुकले आणि परतल्यावर त्याच वर्षी विजेते झाले. चालकाचा ताबा सुटला होता, हे कोणी नाकारले नाही. पण ताबा सुटणे हे चालकाकडून होणारच, असे गृहीत धरून पुढे काय असायला हवे, याचे उत्तर ट्रॅकच्या मालकाने द्यायचे, हे तेथे ठरून गेले आहे. २०२२ साली नवी गाडी आली तेव्हाही तेच झाले. मागून आदळल्यास ती फार ताठ राहते, अशी चालकांची तक्रार होती. कर्ट बुश आणि ॲलेक्स बोमन यांच्या मेंदूला मार बसला, कर्ट बुश तर त्यानंतर शर्यतीत परतले नाहीत. पुढच्या वर्षी गाडीचा मागचा भाग चेपेल असा बदलण्यात आला.

आता तिसऱ्या पानावरील बातमीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी रात्रीच्या पाळीवरून घरी येताना फोंडा तालुक्यातील एका वळणावर दुचाकीसह खांबावर आदळून गेला. पावसाची रिपरिप होती. हेल्मेट डोक्यावर होते. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात ‘स्वयंअपघात’ असा मथळा आला. तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने ते कात्रण देव्हाऱ्यातील पोथीखालून काढून माझ्या हाती दिले आणि विचारले, “सर, स्वयं म्हणजे त्यानेच स्वतःला मारून घेतले असे होते का?” मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर एका रविवारी सकाळी मी शेजारच्या गवंड्याकडून पाणसळ आणि एक मीटर लांबीची सरळ पट्टी घेऊन त्या वळणावर गेलो. आपल्या देशातील निकष मैदानी रस्त्यांना वळणावर बाहेरून सात टक्क्यांपर्यंत उचल देतात, म्हणजे एका मीटरला सात सेंटीमीटर. मला शार्लटचे ४४ सेंटीमीटर नको होते, सातही नको होते. मी फक्त पाहिले की उचल कोणत्या बाजूला आहे. पट्टी आडवी ठेवून पाणसळीतला बुडबुडा पाहिला, जागा बदलून तीन वेळा पाहिला. वळणाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा खाली होती, दर मीटरला जवळजवळ दोन सेंटीमीटर. वरचेवर डांबराचे थर चढवताना मधला भाग वर आला असावा, हा माझा तर्क. पण मोजमाप तर्काचे नाही. ते वळण प्रत्येक दुचाकीला हळूच बाहेर ढकलते, आणि बाहेर, डांबराच्या कडेपासून माझ्या पावलांनी दोन पावलांवर, तो खांब आहे. त्यावर तेव्हा ना परावर्तक पट्टी होती, ना पुढे कठडा, ना आधी वळणाची पाटी.

संपादक महोदय, माझे म्हणणे चुकीचे समजू नये. आमच्या तरुणांनी मांडवीच्या पुलांवर आणि हमरस्त्यावर रात्री ज्या शर्यती लावायला सुरुवात केली आहे, त्यांचे मी कधीही समर्थन करणार नाही. मद्य पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. बेफाम चालवणाऱ्याला नॅस्कारमध्येही दंड होतो, शर्यतीतून काढून घेतले जाते. पण चालकाला दंड करणे आणि भिंत दुरुस्त करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच आठवड्यात होतात, एक झाले म्हणून दुसरे राहून जात नाही. आपल्याकडचा कायदाही आता हे मान्य करतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ सांगते, की रस्त्याची रचना किंवा देखभाल निकषांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर त्या रस्त्यास जबाबदार असलेल्या यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पंचनाम्याआधीच बातमीच्या मथळ्यात ‘स्वयं’ हा शब्द छापला गेला, की त्या कलमाकडे वळण्याची वाटच बंद होते. वाचकाला वाटते, प्रश्न सुटला. खात्याला वाटते, प्रश्न आपला नव्हताच. आणि घरच्यांना काय वाटते, ते वर लिहिलेच आहे.

म्हणून माझी विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे, सरकारला नाही. ‘स्वयंअपघात’ हा शब्द आपण छापणे थांबवावे. ‘दुचाकी खांबावर आदळून’ किंवा ‘गाडी दुभाजकावर चढून’ असे साधे, घडले तेवढे लिहावे. आपल्या वार्ताहरांना घटनास्थळी जायला मिळते, तेव्हा त्यांनी गाडी कशावर आदळली, ती वस्तू रस्त्याच्या कडेपासून किती दूर होती, तेथे दिवा व पट्टी होती का, आणि याच जागी आधी कोण दगावले आहे का, एवढे पाहून दोन ओळी वाढवाव्यात. करमल घाटात अपघात झाला तर घाटाचे कोणते वळण, ते नेमके लिहावे. वर्षभर असे लिहिले गेले तर गोव्यातील कोणत्या वळणांवर माणसे जातात, याची नोंद आपल्याच जुन्या अंकांतून उभी राहील. शार्लटच्या ट्रॅकवर जे काम गाडीतील यंत्र करते, ते येथे निदान वर्तमानपत्र करू शकेल.

माझ्या विद्यार्थ्याच्या त्या वळणावर मी खांबाला लाल परावर्तक पट्टी स्वतः चिकटवली. दोन पावसाळ्यांत ती सुटली, मी पुन्हा चिकटवली. खांब तेथेच आहे आणि बाहेरची कड अजून खाली आहे. संबंधित खात्याला तीन पत्रे दिली, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. मोजमापाचा कागद आणि हाताने काढलेला नकाशा या पत्रासोबत जोडत आहे. आपल्या वार्ताहराला ते वळण पाहायचे असेल, तर मी कोणत्याही दिवशी सकाळी पाणसळ घेऊन सोबत येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त मोटार मेकॅनिक निदेशक
फोंडा, गोवा